खतांची समन्वय समिती

पुंडलिकरावांनी हळद लावायचं ठरवलं तेव्हा कारध्यात कोणीही विरोध केला नाही. खरं तर तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. ज्या गावात शेजाऱ्याने दाराला निळा रंग द्यायचा म्हटला तरी आठवडाभर चर्चा चालते, ते गाव एखाद्या बेताला एका सुरात 'करा, करा' म्हणतं, तेव्हा त्याला करमणूक हवी असते एवढाच त्याचा अर्थ.

विरोध झाला तो घरातून. कारण जमीन पुंडलिकरावांची नव्हतीच. ती बांधी कौशल्याबाईंची, त्यांच्या वडिलांनी दिलेली. चारही बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातलेली, पाणी पोटात धरून बसणारी, धानासाठीच जन्माला आलेली बांधी. तिच्यात दरवर्षी चिन्नोर पिकायचा आणि त्याचा भात शिजला की शेजारचे लोक काहीतरी मागायच्या निमित्ताने दारात यायचे.

"माह्या बाबानं ही बांधी अशी सपाट केली होती," कौशल्याबाई सांगत, "का एका कोपऱ्यात गडवाभर पानी ओता, चारी कोपरे ओले."

पुंडलिकराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांच्या शेतात कागदावरून पाणी सोडण्यात गेलेली. त्यामुळे शेतीतलं आपल्याला सगळं कळतं, फक्त शेत तेवढं नाही, अशी त्यांची भावना होती. रोज सकाळी ते पेपरातलं शेतीचं पान मोठ्याने वाचत. इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या घरातला रेडिओ लोक बंद करून ठेवत. त्याच पानात एकदा हळदीवर लेख आला. सेंद्रिय आणि रासायनिक खतांचा मेळ घातला तर हळद फायद्याची, असं त्यात लिहिलं होतं. 'मेळ' हा शब्द वाचताच पुंडलिकरावांच्या अंगात जुना हेडक्लार्क उठून बसला.

चार दिवस अबोला झाला. मग कौशल्याबाईंनी संमती दिली, पण अटी घालून.

"एक साल. फक्त एक. बांधीची सपाटी मोडायची नाही, वाफेबिफे काही करायचे नाही. अन् हळद नाही साधली, तं पुढच्या साली बांधीत धान. अन् मंग शेतीच्या गोष्टीत तुमी तोंड उघडायचं नाही. पेपरातलं ते पानसुद्धा मनातल्या मनात वाचायचं."

बांधी जाणं पुंडलिकराव सहन करू शकले असते. ती नाहीतरी त्यांची नव्हती. पण मनातल्या मनात वाचायचं? निवृत्त माणसाजवळ आवाजाशिवाय दुसरं असतं काय? त्यांनी छातीवर दगड ठेवून अट कबूल केली.

आता प्रश्न खताचा. पुंडलिकरावांच्या घराच्या डाव्या हाताला भैयाजींचं खताचं दुकान, उजव्या हाताला रत्नमालाचं घर. रत्नमाला बचत गटाची अध्यक्ष, गांडूळखत करायची, आणि तिच्या अंगणातल्या गांडुळांवर तिचा जीव पोटच्या पोरांइतका. या दोघांच्या मधोमध राहणं म्हणजे सभागृहात मधल्या बाकावर बसण्यासारखं होतं.

"हळद खादाड पीक हाय जी, पुंडलिकभाऊ," भैयाजी म्हणाले. "निस्त्या शेणखतावर ठेवाल तं हळद नाही, हळदीची आठवण निघन."

"काकाजी, त्यांच्या पोत्याचं तोंड उघडलं का माती मेली समजा," रत्नमाला भिंतीवरून म्हणाली. "माह्या गांडुळांचा तळतळाट लागन तुमाले."

पुंडलिकरावांनी दोघांची बैठक बोलावली. भजी तळली गेली. चहा झाला. अध्यक्षस्थानी अर्थात पुंडलिकराव. कृषी सहायकाला फोन लावून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा पाटावर ठेवला. तो तरुण मुलगा सोलापूरकडचा, त्याने सरळ सांगितलं, "काका, दोन्ही घाला. चांगलं कुजलेलं शेणखत लागवडीच्या आधी. स्फुरद नि पालाश लागवडीला. युरिया मात्र एकदम नाही, नंतर थोडा थोडा, हप्त्याने. आणि उंच गादीवाफ्यावर लावा, हळदीला पाणी साचलेलं चालत नाही."

गादीवाफे अटीत बसत नव्हते. राहिला हप्ता. पुंडलिकरावांना हप्त्याचा अनुभव होता. आपल्या नोकरीत हप्त्याने मंजूर झालेली एकही गोष्ट पुरी आलेली त्यांनी पाहिली नव्हती. पहिला हप्ता येई आणि दुसऱ्याच्या आधी साहेब बदलून जाई. तेव्हा सगळं एकदम, एकाच ठिकाणी, दोन्ही पक्षांच्या समक्ष मिसळून टाकावं, असा निर्णय अध्यक्षांनी दिला. भजी संपली होती, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

युरिया घ्यायचा तर यंत्रावर अंगठा लावावा लागतो. पुंडलिकरावांनी भैयाजींच्या दुकानात अंगठा लावला. यंत्र लाल झालं. पुसून लावला. लाल. दुसऱ्या हाताचा लावला. यंत्राने इंग्रजीत काहीतरी म्हटलं, त्याचा सारांश असा की हा माणूस नाही. फाइलींची पानं उलटून उलटून, ओल्या स्पंजावर घासून घासून पुंडलिकरावांच्या अंगठ्यावरच्या रेषा खात्याच्या सेवेत खर्ची पडल्या होत्या. रांगेतले लोक मागून पाहत होते. सुंदरबाई, गावातल्या धानाची रोवणी करणाऱ्या बायांची म्होरकी, हळहळून म्हणाली, "अरेरे, एवढं शिकले अन् अंगठाही नाही उठत."

शेवटी कौशल्याबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी पदराला हात पुसून अंगठा टेकवला आणि यंत्र लगेच हिरवं झालं.

"माहीच बांधी, माहाच अंगठा," घरी जाताना त्या म्हणाल्या. "मंग यात तुमचं काय हाय जी?"

"नियोजन," पुंडलिकराव म्हणाले, आणि पोतं ओढायला लागले.

मागच्या अंगणात ढीग रचला गेला. खाली रत्नमालाचं शेण, थोडं ओलंच. तिच्याकडचं कुजलेलं आधीच विकलं गेलं होतं. वर निंबोळी पेंड, गांडूळखत, चुलीतली राख. त्यावर भैयाजींची सगळी पोती. प्रत्येकाचं लक्ष आपलं खत कमी पडत नाही ना याकडे. रत्नमाला आत पाणी प्यायला गेली की भैयाजी एक घमेलं जास्त टाकत. भैयाजींचा फोन वाजला की रत्नमाला एक टोपलं जास्त रिकामं करी. असा समन्वय पुंडलिकरावांनी नोकरीतसुद्धा पाहिला नव्हता. त्यांनी स्वतः झारीने पाणी मारलं आणि ढिगावर ताडपत्री घातली.

दोन दिवस शांततेत गेले. मग वास आला.

वास हा शब्द अपुरा आहे. गावातल्या सगळ्या सार्वजनिक मुताऱ्यांची परंपरा एकवटून जणू भेटीला आली होती. डोळ्यांना धारा लागल्या. कौशल्याबाई कांदा न चिरताच रडायला लागल्या. रस्त्यावरून जाणारा माणूस पुंडलिकरावांच्या घराशी आला की नाकाला रुमाल लावून धावायला लागे. कोणीतरी 'सिलेंडर लीक झाला' म्हणून ओरडलं आणि आळीतल्या सगळ्यांनी आपापल्या टाक्या उचलून रस्त्यावर आणून ठेवल्या. सुंदरबाईने निदान केलं की ताडपत्रीखाली मांजर मेलं असावं, आणि तेही एकटं नाही.

"शेणच खराब," भैयाजी रुमालातून म्हणाले.

"शेण कधी असा वास मारते का? पोत्याचं पाप हाय ते," रत्नमाला पदरातून म्हणाली.

कृषी सहायकाने फोनवर ढिगात काय काय आहे ते एकेक करून वदवून घेतलं. मग म्हणाला, "ओल्या शेणात युरिया? वरून राख? काका, त्यातला नत्र वायू होऊन उडून चाललाय. तुम्ही हवेला खत घालताय."

कौशल्याबाईंनी हुकूम दिला की सूर्य मावळायच्या आत समिती बरखास्त झाली पाहिजे. ट्रॉली आली. ढीग शेतावर गेला. पण सुंदरबाईच्या बायांनी तो बांधीत पसरायला साफ नकार दिला. "आमाले वाकून काम करायचं हाय, नाक तिथंच असते," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोडता येण्यासारखं नव्हतं. शेवटी बांधीच्या पूर्वेकडच्या रुंद धुऱ्यावर, जिथून बैलगाडी जाते, तो ढीग लांबट ओतून टाकला आणि वरून भरपूर माती ओढली. गाडी त्या वर्षी लांबून नेली. आठदहा दिवसांनी वास निवल्यावर, बेण्यातले मोडके, लहान, बायांनी वेगळे काढलेले कंद टाकायचे कुठे म्हणून तेही त्याच मातीत खुपसले. आमच्याकडे नाहीतरी धुऱ्यावर तूर लावायची चाल आहेच. रिकामा धुरा कोणाला बघवत नाही.

बांधीसाठी दोघांकडून पुन्हा खत आणावं लागलं, या खेपेला वेगवेगळं आणि वेगवेगळ्या वेळी. आता लागवड नीट झाली. फारच नीट झाली. सुंदरबाईच्या बायांना हळद लावायची सवय नव्हती, पण रोवणीची होती. त्या एका ओळीत वाकल्या, गाणं म्हणत मागे मागे सरकत गेल्या आणि धान रोवावा तसे कंद रोवून मोकळ्या झाल्या. त्याआधी लाकडी पाटा फिरवून बांधी अशी गुळगुळीत केली होती की कौशल्याबाईंना वडिलांची आठवण येऊन गलबललं.

पानं वर आली. पुंडलिकराव सकाळचं पान आणखी एक पट्टी वर वाचू लागले.

आणि मग पाऊस लागून राहिला. बांधीने तिला शिकवलं होतं तेच केलं: पाणी धरलं. चारी कोपरे सारखे ओले. हळद घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून पिवळी पडू लागली, म्हणजे जे पिवळं व्हायचं ते न होता भलतंच.

पुंडलिकरावांनी फावडं घेतलं, खालच्या अंगाने धुऱ्याला तोंड फोडलं आणि पाणी वाहून जाताना पाहून समाधानाने घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले तर तोंड बुजवलेलं. नुसतं बुजवलेलं नाही, वरून हाताने थापून, गवताची पेंढी घालून, मायेने बुजवलेलं. त्यांनी परत फोडलं. परत कोणीतरी बुजवलं. असं रोज चाललं. पुंडलिकरावांनी एक पाटी लिहिली: 'पाणी वाहू द्यावे. आदेशावरून.' दुसऱ्या दिवशी तीच पाटी तोंडात आडवी बसवून वर चिखल लिंपलेला होता. पाटी चांगली जाड असल्यामुळे थेंबही गळत नव्हता.

पानं पाहून भैयाजी म्हणाले, युरिया कमी पडला. रत्नमाला म्हणाली, युरिया जास्त झाला. पुंडलिकरावांना आता दोघांचाही संशय येऊ लागला. हळद मेली की प्रत्येक जण म्हणायला मोकळा, माझं ऐकलं असतं तर!

नुकसानीचा अर्ज तरी द्यावा म्हणून ते गावच्या तलाठी साहेबांकडे गेले. साहेबांनी मोबाइलातली पीकनोंद पाहिली.

"तुमच्या बांधीत तं धान दिसून राहिला."

"धान नाही, हळद आहे. मी स्वतः लावली."

"अख्ख्या शिवारात धान हाय, काका. तुमच्या पिकाचा फोटो नोंदीत चढला नाही तवा सगळ्यांसंगं तुमचाही धान पडला." साहेबांनी मान हलवली. "अन् पानी साचलं म्हनून धानाचं नुकसान कसं दाखवू? धानाले तं पानीच पाहिजे ना!"

ज्या माणसाला यंत्राने माणूस मानलं नाही, त्याच्या हळदीला आता सरकारनेही हळद मानलं नाही. ज्याने आयुष्यभर कागदावरून पाणी सोडलं, त्याला कागदानेच बुडवलं. पुंडलिकराव घरी आले तेव्हा कौशल्याबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पेपर घडी करून कपाटावर ठेवलेला मात्र दिसला.

तेव्हा त्यांनी ठरवलं, गुन्हेगार पकडायचा. सकाळी धुऱ्याचं तोंड चांगलं रुंद फोडलं आणि पलीकडच्या मोहाच्या झाडामागे छत्री घेऊन बसले. घाईत डबा घरीच राहिला.

पहिला आला एक सायकलवाला, गावचासुद्धा नव्हे. पाणी वाहताना पाहून त्याने ब्रेक दाबला, सायकल आडवी टाकली, पायाने चिखल लोटून तोंड बंद केलं आणि शीळ घालत निघून गेला. पुंडलिकरावांनी जाऊन उघडलं. मग सुंदरबाई आली. तिने "अगंबाई!" म्हटलं आणि मूल विहिरीत पडत असल्यासारखी धावली.

"सुंदरबाई, कायले बुजवलं?" पुंडलिकराव छत्रीसकट झाडामागून निघाले.

"अवो भाऊ, पानी चाललं होतं ना!" यापलीकडे काही कारण असू शकतं, हे तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

मग भैयाजी येऊन बुजवून गेले. मग रत्नमाला. दोघांच्याही तोंडावर कटकारस्थान कुठे नव्हतं; पुण्य पदरात पडल्याचं समाधान तेवढं होतं. धानाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बांधीतून वाहून जाणारं पाणी बघवत नाही. कोणाची बांधी, आत काय, वर पाटी कसली, हे विचारायच्या आधी त्याचा हात चिखलात गेलेला असतो.

दुपारी कौशल्याबाई डबा घेऊन आल्या. झाडामागचे पुंडलिकराव त्यांना दिसले नाहीत. पाणी दिसलं. त्यांनी डबा धुऱ्यावर ठेवला, साडी खोचली, वाकून दोन हातांनी चिखल ओढला, थापला, उपटलेल्या गवताची पेंढी वर बसवली. त्या पेंढीची गाठ पुंडलिकरावांनी ओळखली. ती रोजचीच होती.

ते उठून उभे राहिले. कौशल्याबाईंनी मान वर केली.

"अजी... तुमी?"

"रोज?"

"सकाळी देवळात जाताना." त्या हाताच्या चिखलाकडे बघत होत्या. "घरून निंगतानी ठरवून निंगतो, का आज पाहाचंच नाही तिकडं. पन बाबाची बांधी ना जी... वाहून राहिली, अन् मी तशीच कशी जाऊ? हात थांबतच नाही."

अट घालणारीनेच हळद बुडवली होती. पुंडलिकराव खूप काही बोलू शकले असते. तसा मसुदा त्यांच्या डोक्यात तयारही झाला होता, संदर्भासह. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि या खेपेला वास कसलाच नव्हता. त्यांनी नुसतं फावडं पुढे केलं. कौशल्याबाईंनी ते घेतलं, मान दुसरीकडे वळवली आणि आपल्या हाताने तोंड फोडलं. मग दोघांनी त्या धुऱ्यावर बसून डबा खाल्ला, पाणी जाताना न बघता.

पण उशीर झाला होता. माघ सरता सरता बांधी खणली तेव्हा जे निघालं ते बघून सुंदरबाईच्या बायासुद्धा गाणं म्हणायच्या थांबल्या. अर्धे कंद कुजलेले, उरलेले करंगळीएवढे. पुंडलिकराव मनातल्या मनात वाचायची तयारी करू लागले. ओठ न हलवता वाचायला जमेल का, हे त्यांनी डब्याच्या कागदावरची जाहिरात वाचून पाहिलं. जमत नव्हतं.

"भाऊ," सुंदरबाई धुऱ्यावरून म्हणाली, "इकडचं काय करायचं? हेही खनू का?"

पूर्वेच्या धुऱ्यावरचा पाला वाळून पडला होता. तिकडे कोणी वर्षभर ढुंकून पाहिलं नव्हतं. तिने कुदळ घातली आणि ती अडकली. दुसरीने हात लावला. माती फुटली आणि गड्डा वर आला तो घमेल्यात मावेना. त्याच्यापुढचा तसाच. त्याच्यापुढचा त्याहून मोठा. कौशल्याबाईंनी गड्ड्याचं एक बोटाएवढं हळकुंड मोडून पाहिलं. आत गर्द केशरी, हात रंगून गेला.

कृषी सहायक मुद्दाम बघायला आला. त्याने मातीत हात घातला, ती हुंगली आणि हसायला लागला. "काका, जो उडायचा होता तो नत्र उडाला. उरलेलं सगळं खत महिनोन् महिने शेणात मुरलं. आणि धुरा उंच, पाणी दोन्हीकडून खाली. मी गादीवाफा म्हणत होतो तो हाच!"

"म्हंजे बांधीची सपाटी न मोडता," कौशल्याबाई म्हणाल्या.

"न मोडता."

त्यांनी मोठा श्वास सोडला. पुंडलिकरावांनीही सोडला, पण आवाज न करता.

धुऱ्यावरची हळद शिजली, वाळली, दळून आली. रत्नमालाच्या गटाने पुड्या बांधल्या आणि त्यावर छापलं, 'शेणखतावर पोसलेली'. भैयाजींनी त्याच पुड्या दुकानात ठेवल्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, 'आपल्या पोत्याची कमाल'. दोघंही खरंच बोलत होते, ही गोष्ट कारध्यात पहिल्यांदाच घडत होती. वर्षाचा चिन्नोर विकत आणूनही हातात काही उरलं. कौशल्याबाईंनी विकतचा भात खाऊन नाक मुरडलं आणि निकाल दिला: बांधीत धान, धुऱ्यावर हळद, आणि शेतीचं पान मोठ्याने वाचायला हरकत नाही, पण धुऱ्यापुरतं.

पुंडलिकरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर, बाई पुन्हा अख्खी बांधी हळदीला देतात की काय, या भीतीने त्यांना आठवडाभर झोप नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात ते भंडाऱ्याहून पूल ओलांडून स्कूटरवर घरी येत होते. पाऊस झिमझिमत होता. रस्त्याकडेच्या एका बांधीचं तोंड फुटून पाणी धोधो वाहत होतं. पुंडलिकरावांनी गाडी उभी केली, पँट वर दुमडली, चिखल ओढून तोंड नीट बुजवलं, वरून थापलं आणि प्रसन्न मनाने घरी येऊन जेवायला बसले. पुढ्यात, विकतचा नको म्हणून कौशल्याबाईंच्या भाच्याने पाठवलेला चिन्नोर, त्यावर धुऱ्यावरच्या हळदीचं वरण.

"चिखल कायचा जी हाताले?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"कोणाची तरी बांधी वाहत होती. आपली ती वळणावरची... भैयाजींची."

वाढता वाढता त्यांचा हात थांबला. "भैयाजीनं यंदा तिथं हळद लावली ना?"

पुंडलिकराव घास टाकून उठले. स्कूटर भिजत, घसरत वळणावर पोचली. तोंड परत उघडलेलं होतं. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर छत्री धरून, मांडीवर फावडं घेऊन भैयाजी बसले होते. बाजूला आणखी एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर दुसरं फावडं.

"या, पुंडलिकभाऊ," भैयाजी म्हणाले. "तुमाले जाताना आवाज दिला, पन तुमी लई खुशीत होते. बसा. आत्ता रत्नमाला येईलच बुजवाले, नि तिच्या मागून तुमच्या बाई."

पुंडलिकराव फावडं उचलून बसले. हळद सुखरूप होती. पाणी जात होतं. वळणावर रत्नमालाची छत्री दिसली, आणि दोघांनी आपापली फावडी सावरून घेतली.